कमलबेन खुर्चीवर बसायला शिकवायची

पहिल्याच दिवशी कमलबेननं आमची सतरंजी उचलली, गुंडाळली आणि गॅलरीतून खाली टाकून दिली. खाली धान्याचं दुकान होतं. सतरंजी हमालाच्या अंगावर पडली, तो शिव्या देत वर पाहायला लागला. कमलबेन कठड्यावरून वाकून म्हणे, "राहू दे तुझ्याकडंच. आम्हाला नको आता."

वर्ग धुळ्यात होता, त्या दुकानाच्या माडीवर. दवाखान्यात आजाऱ्याची सेवा कशी करायची, ते तिथं शिकवायचे. उचलणं, बसवणं, पुसून घेणं, औषधाच्या वेळा पाळणं. शिकून झालं की कमलबेन स्वतः बायांना घेऊन दवाखान्यादवाखान्यांत जायची, नोकरीला लावायची. मी शिकणारी नव्हते. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. मी तिथं झाडलोट करायची आणि चहा ठेवायची. शिकत होती माझी सून, अरुणा.

माझा मुलगा हायवेवर ट्रक चालवायचा. तो गेला. कसा गेला ते सांगून काही होत नाही. मागं अरुणा, तिची पोर आणि मी. गाव आमचं भडगावकडचं, गिरणेच्या काठचं. तिथं काही राहिलं नव्हतं म्हणून धुळ्याला आलो, एक खोली केली. अरुणा अठ्ठावीस वर्षांची असेल नसेल. तिच्या भावानं, संजूनं, तिच्यासाठी सुरतेकडचा एक बिजवर पाहून ठेवला होता. दुकानदार, पोरं मोठी झालेली. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात वावगं काही नाही. पण त्या लोकांचं म्हणणं, पोरगी सोबत नको. पोरगी आजीकडं राहील. संजू सांगून गेला होता, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला येतो, तोवर ही स्वतःच्या पायावर उभी असेल तर मी बोलणार नाही, नाहीतर पाट.

अरुणाला पोर सोडायची नव्हती. एवढंच होतं सगळं. आखाजी वैशाखात, आणि वर्ग सुरू झाला तेव्हा शिमगा तोंडावर आलेला.

तर सतरंजी गेली आणि खोलीत नुसत्या लोखंडी खुर्च्या राहिल्या. बाया उभ्याच. कमलबेन म्हणे, "बठा."

एक बाई टोकावर टेकली, जशी चिमणी तारेवर बसते. बाकीच्या तिच्याकडं पाहून तशाच.

"पुरी बठ. पाठ लाव खुर्चीले. खुर्ची चावस का तुले?"

कमलबेन मारवाडी. घर तिचं कापडवाल्यांचं. पण लहानपणापासून दुकानात बसून गिऱ्हाइकांची बोली ऐकलेली, त्यामुळं अहिराणी आमच्यापेक्षा सरस बोलायची. साहेब लोक आले की शुद्ध मराठी, घरून फोन आला की मारवाडी, आणि बायांना रागवायचं असलं की अहिराणी. उंच, हडकुळी, केस पांढरे, ते कधी रंगवले नाहीत. हातात पुरुषी घड्याळ, तेही मनगटाच्या आतल्या बाजूला. वेळ पाहायची तर हात उलटा करून चेहऱ्यासमोर धरायची, लांबून वाटायचं समोरच्याला थांबवते आहे. लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही. ती विचारू देईल अशी नव्हती.

आमच्याकडं सून मोठ्या माणसासमोर खुर्चीवर बसत नाही. सासरा, जेठ म्हणजे थोरला दीर, घरात असले की पदर पुढं, आवाज खाली, आणि बोलायचं तर दाराआडून, कोणाच्या तरी नावानं. या बाया सगळ्या त्यातल्या. काम येत नव्हतं असं नाही. घरात सासू-सासऱ्याचं मलमूत्र काढलेल्या बाया त्या. पण मुलाखतीला गेल्या की साहेबासमोर उभ्या राहायच्या, मान खाली, तोंडातून शब्द नाही. साहेब म्हणायचा, हिला काही येत नाही. कमलबेननं हे पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणून तिचा पहिला धडा खुर्ची आणि दुसरा धडा आवाज. इंजेक्शन, पट्टी, सगळं त्याच्या मागून.

"लाज घरमा खुटीवर टांगी ये," ती म्हणायची. "घर जाशी तवय परत घाली ले. कोनी चोरी लई जाणार नही."

शिकवायला एक पुतळा केला होता. जुन्या गादीची वळकटी, तिला सदरा आणि धोतर, डोक्याला उशी, उशीवर टोपी. खाटेवर झोपवलेला. कमलबेननं त्याचं नाव ठेवलं आबा. "चला, आता आबांची कूस बदला," ती म्हणाली, आणि बायांनी एकसाथ पदर पुढं ओढले. गादीसमोर! एक जण खाटेच्या पायथ्याकडून वळसा घालून गेली, कारण उशाकडून जायचं म्हणजे आबांसमोरून जावं लागे. कमलबेन पाहतच राहिली. मग ती अशी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. मी तिला मोकळं हसताना त्या एकाच वेळी पाहिलं. नाव बदलायचं म्हणाल तर तिनं बदललं नाही. म्हणाली, "आबाच पाहिजेत. दवाखान्यात सगळे आबाच येणार आहेत."

पण ती मायाळू होती असं मी म्हणणार नाही. अरुणा एकदा शिकता शिकता रडायला लागली. पुतळ्याच्या अंगात तिच्या नवऱ्याच्या सदऱ्यासारखा सदरा होता, निळ्या रेघांचा. मला कळलं, मी चहा खाली ठेवला. कमलबेनलाही कळलं असावं. तरी म्हणाली, "रडनं व्हई ते जिनामा जाई रड. आठे काम शे."

अरुणा जिन्यात गेली. कमलबेननं शिकवणं थांबवलं नाही. मला राग आला. मी कप धुवायला घेतले. अरुणा परत आली तेव्हा पुतळ्याच्या अंगात दुसरा सदरा होता, पांढरा.

मध्ये एकदा संजू वर्गावर आला. बहीण काय करते ते पाहायला आला आणि पाहिलं ते हे, की अरुणा पुतळ्याचे पाय चोळते आहे. दारातूनच म्हणाला, "मनी बहीन लोकेस्नी घाण उपसाले जाणार नही. इज्जत शे आम्हले."

कमलबेन म्हणे, "या संजूभाऊ, बसा. तुमच्या वडलांना लकवा होता ना? अरुणा सांगत होती."

"व्हता."

"त्यास्ना हातपाय कोनी धोयात?"

"मायनी."

"मंग मायनी इज्जत गयी का?"

कमलबेन सोडेल कशाला. "फुकट धोयं ते पुण्य, आनी पगार लिसन धोयं ते पाप? हाऊ कोनता कायदा शे भाऊ, माले बी सांगा."

बाया पदरात हसल्या. तिथं चूक झाली. माणूस बायांच्या हसण्यानं जास्त दुखावतो. संजू जाताना मला म्हणाला, "आक्का, आखाजी. ध्यानमा ठेवा." कमलबेननं गॅलरीतून त्याला जाताना पाहिलं. मला म्हणाली, "मी जिंकायला नको होतं."

मग तिनं मलाच कामाला लावलं. एका दुपारी टेबलामागची मोठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आक्का, बसा इथं. तुम्ही साहेब."

"मी कसली साहेब, बेन?"

"अरुणा सगळ्यांसमोर बोलते आता. तुमच्यासमोर बोलते का?"

खरं होतं. नऊ वर्षं झाली होती लग्नाला, अरुणा माझ्यासमोर कधी खाटेवर बसली नव्हती. मी तसं कधी सांगितलं नव्हतं, पण उठही म्हटलं नव्हतं आणि बसही म्हटलं नव्हतं. जसं चालत आलं तसं. मी त्या खुर्चीत बसले. समोर अरुणा उभी.

कमलबेन म्हणे, "बठ."

अरुणा माझ्याकडं पाहते, मी तिच्याकडं. मी सांगायचं की नाही, मला कळेना. कमलबेन मला म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. तुमच्या परवानगीनं बसली तर काय कामाचं?"

अरुणा बसली. टोकावर. मग थोडी मागं सरकली. कपाळावर घाम. मग तिची पाठ खुर्चीला लागली, खुर्ची कुरकुरली.

"विचारा आक्का."

मी काय विचारणार? मी म्हटलं, "नाव काय तुझं?"

सगळ्या हसल्या, अरुणा नाही हसली. तिनं माझ्या डोळ्यांत पाहून पूर्ण नाव सांगितलं. तिच्या डोळ्यांचा रंग घारा आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

चैत्र संपत आला तेव्हा जळगावच्या एका नव्या दवाखान्यातून बोलावणं आलं. कमलबेन, अरुणा आणि मी सकाळच्या एसटीनं निघालो. पारोळा, एरंडोल करत पोचलो. वाटेत अरुणाचे नुसते ओठ हलत होते. कमलबेन खिडकीतून केळीचे ट्रक पाहत बसली. तिनं एकदाही धीर दिला नाही. मला कानात म्हणे, आता धीर दिला तर तिला वाटेल भ्यायचं काहीतरी आहे.

दवाखान्यात बाहेर बसवलं. नाव पुकारलं, अरुणा आत गेली. दार अर्धं उघडं राहिलं. मी वाकून पाहिलं. टेबलामागं नाना बसलेले. आमच्या भाऊबंदकीतले, माझ्या मुलाचे चुलत भाऊ, वयानं मोठे. म्हणजे अरुणाचे जेठ. ते जळगावला कुठल्याशा दवाखान्यात हापिसात आहेत इतकं ऐकून होतो, पण ह्याच दवाखान्यात, ते कोणाला ठाऊक? त्यांच्या शेजारी मोठी सिस्टर, परमुलखातली.

अरुणानं पदर पुढं घेतला. दीड महिन्याचं शिकणं एका क्षणात गेलं. ती भिंतीला पाठ लावून उभी. नानाही टेबलाकडं पाहायला लागले, त्यांनाही भावजयीच्या तोंडाकडं पाहता येईना.

मी उठले. आत जाऊन म्हणणार होते, नाना, तिला बसू द्या, मी सांगते. कमलबेननं माझं मनगट धरलं. बोटं हाडाला लागली.

"आक्का, तुम्ही मझार ग्यात ते ती जनमभर तुमना मांगे उभी राही."

"पण बेन, आखाजी..."

"बठा."

आत सिस्टर एकदा नानांकडं पाही, एकदा अरुणाकडं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अरुणानं खुर्ची ओढली, आडवी वळवली, तोंड भिंतीकडं केलं आणि बसली. पदर तसाच. पण पाठ टेकलेली.

नाना टेबलाला म्हणाले, "तिले इचारा, पेशंट उचलनं पडी, जमी का?"

कोणाला विचारा? सिस्टरला अहिराणी येत नव्हती.

अरुणा भिंतीला म्हणाली, "नानास्ले सांगा, जमी."

"रातपाळी करी का?"

"सांगा, करसू."

कमलबेननं दुसरा हात तोंडावर धरला होता. हसत होती की काय, मला कळलं नाही, कारण माझं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं. असं ते चाललं. ताप किती झाला की कोणाला सांगायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, सगळं भिंतीमार्फत. शेवटी नाना म्हणाले, "तिले इचारा, उद्या मन्यासारखा जेठ खाटवर पडेल व्हई, तवय काय करी? पदर धरी का पेशंट धरी?"

अरुणानं पदराचा काठ धरला. मग म्हणाली, "आधी त्यास्ले उठाडीसन बठाडसू. पदर नंतर."

नानांनी मान हलवली, टेबलाकडं पाहतच. सिस्टर हिंदीत म्हणाली, फोन करेंगे.

कमलबेन जैनांच्या रीतीनं दिवस बुडायच्या आत जेवायची, नंतर पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी परतीची गाडी उशिरा मिळाली. मी भाकरी सोडली तेव्हा सूर्य गेलेला होता. तिनं मान हलवली, भाकरी अरुणाच्या मांडीवर सरकवली आणि डोळे मिटून बसली.

मग वाट पाहणं. फोन येईना. अरुणाचा नंबर दिलेला होता. ती न्हाणीत जातानाही फोन बाहेर खिडकीत ठेवून मला सांगून जायची. कमलबेन रोज विचारायची, आणि नाही म्हटलं की दुसऱ्या बायांकडं वळायची. गल्लीत बाया आखाजीच्या सांजोऱ्या करायला लागल्या. पोर विचारायची, आपण कधी करायच्या? अरुणा तिची वेणी घालताना हल्ली फार वेळ लावायची. घालायची, सोडायची, पुन्हा घालायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी संजू जीप घेऊन आला. आत आला, पाणी प्याला, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. अरुणाला म्हणाला, "चाल, बॅग भर. पोरले आक्काकडे राहू दे या बारीले."

अरुणानं विचारलं, "या बारीले म्हणजे?"

तो जीपकडं पाहायला लागला. सुरतेच्या लोकांना दुसऱ्या दिवशी माहेरीच बोलावलं होतं, ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. अरुणानं पेटीवरची पिशवी काढली. रिकामीच घेऊन उभी. पोर तिच्या पायाला धरून. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवी.

तेवढ्यात कमलबेन दारात. ऊन चढलेलं, चालत आलेली, चेहरा लाल. चपला काढल्या नाहीत, बसली नाही.

"संजूभाऊ, जळगावहून फोन कधय उनता तुमले?"

"कोनता फोन?"

"नानास्ना."

संजूनं रुमाल काढला, घडी उघडली, पुन्हा घातली.

मला तेव्हा उमगलं. नानांनी अरुणाला कामावर घेतलं होतं. पण भावजयीला फोन करायचा कसा? जेठानं भावजयीशी फोनवर बोलायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. सिस्टरनं नंबर दिला तरी तो त्यांनी बाजूला ठेवला, आणि रीत म्हणून घरच्या पुरुषाला कळवलं. संजूला ते अरुणाच्या लग्नापासून ओळखत. संजूनं ऐकलं, बरं म्हणाला आणि फोन ठेवून दिला. हे सगळं कमलबेननं त्या सकाळी दवाखान्यात फोन लावून, नानांशी भांडून काढलं होतं.

"परवा," संजू म्हणाला.

"मंग सांगं का नही?"

"मी शब्द देई बठनू, बेन. ते लोके सकाय देखाले ई राह्यनात. त्यास्ले काय सांगू? मन्या बहिनले तुम्ही पसंत नही?"

मला बोलायचं होतं. पुष्कळ आलं होतं तोंडात, मुलगा गेल्यापासूनचं. कमलबेननं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं. ती बोलणारी बाई, पण तेव्हा दाराला टेकून उभी राहिली आणि अरुणाकडंही पाहिलं नाही. रस्त्याकडं पाहत राहिली.

अरुणा भावासमोर खाटेवर बसली. मीही खाटेवरच होते, ती माझ्या शेजारी बसली.

"दादा, तू माले इचारं व्हतं का?"

"तुन्या भल्यासाठी..."

"मी इचारस ते सांग. इचारं व्हतं का?"

"नही."

"मंग शब्द तुना शे. तूच सांग त्यास्ले." तिचा आवाज मोठा होता, गल्लीत गेला असेल. "आखाजीले मी येसू. पोरले लिसन येसू. झोका खेयसू, मायना हातनं खासू. मंग माले कामवर जानं शे."

संजू उंबऱ्यावर बसला. तो वाईट माणूस नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "आक्का, आखो पानी द्या." मी दिलं. दोन तांबे प्याला. मग भाचीला म्हणाला, "चाल वं, जीपमा पुढे बठ मन्यापासी."

ते तिघं गेल्यावर कमलबेन खाली बसली. चपला काढल्या, तळव्याला फोड आला होता तो पाहिला. "एवढ्या बाया शिकवल्या मी, आक्का," ती म्हणे. "ते टेबलाच्या पलीकडं बसतात, त्यास्ले कोन शिकाडी?" मी चहा ठेवला. तिनं घेतला नाही, उपास होता म्हणे. कसला, ते विचारायचं राहिलं.

पुढं आम्ही जळगावला राहायला गेलो. अरुणा अजून त्याच दवाखान्यात आहे. नाना तिच्याशी आता बोलतात, अजून टेबलाकडं पाहून, पण नाव घेऊन. धुळ्याचा वर्ग वरून मदत थांबली म्हणून बंद पडला. कमलबेन कोणी म्हणतं राजस्थानात भावाकडं गेली, कोणी म्हणतं नंदुरबारकडं नवा वर्ग काढला. मला ती पुन्हा भेटली नाही.

शेवटची दिसली ती धुळ्याच्या स्टँडवर. आम्ही गाठोडी घेऊन जळगावच्या गाडीत बसलो होतो. कमलबेन खिडकीपाशी आली, अरुणाला म्हणाली, "आठ दिवस मला फोन करायचा नाही. अडलं तर तिथल्यांना विचार." आणि गेली. मला वाटलं निघून गेली. गाडी सुरू झाली, मी निरोपाचा हात करावा म्हणून खिडकीतून वाकले, तर ती चौकशीच्या खिडकीसमोर. तिच्यामागं तीन नव्या बाया, पदर डोक्यावर, एकीच्या मागं एक उभ्या. चोपड्याकडं कुठं तरी न्यायच्या असतील. आतला माणूस कावला होता, हात उडवत होता. कमलबेन बाजूला झाली. पहिल्या बाईच्या पाठीवर हात ठेवून तिला खिडकीशी ढकललं.

"तू इचार, गाडी कधय शे."

त्या बाईनं तोंड उघडलं. आमची गाडी वळली. तिचा आवाज निघाला की नाही, ते मला ऐकू आलं नाही.